एफएम-10 च्या पुढची बॉडी: नागपुरातल्या शोधाच्या नोंदी

12 जानेवारी 2025

सध्या हातात निकॉन एफएम-10 हा फिल्म कॅमेरा आहे. लेन्स तीन: 50 एमएमची सिरीज-ई, 28 एमएम एफ/2.8 आणि कॅमेऱ्यासोबत आलेला 35-70 झूम. बॉडी कोसिनाने बनवलेली, नाव निकॉनचं. प्लास्टिकची आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण प्लास्टिकने माझा एकही फोटो बिघडलेला नाही. बदलायचं कारण शटरच्या डायलवर आहे: फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर स्पीड, 1/125.

हे मारबतीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत नडतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत ऊन डोक्यावर, बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) उचलणाऱ्यांच्या तोंडावर त्या बडग्याचीच सावली आणि मागे पांढरंफटक आभाळ. चेहऱ्यावर थोडा फ्लॅश मारल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही. आयएसओ 100 च्या रोलवर कडक उन्हात 1/125 ला एफ/16 ठेवावा लागतो. गाईड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला एफ-नंबरने भागलं की पोच मीटरमध्ये) 25 चा फ्लॅश एफ/16 ला जेमतेम दीड मीटर पोचतो, आणि त्या गर्दीत दीड मीटरवर फक्त कुणाचा तरी कोपर असतो. 1/250 मिळालं तर एफ/11 चालतो, फ्लॅश सव्वादोन मीटर जातो. 28 एमएमला तेवढं पुरे.

तेव्हा अटी अशा: सिंक 1/250. माझ्या जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्सवर मीटर (उजेड मोजणारी सोय) चालला पाहिजे. फोकस स्प्लिट प्रिझमने, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलं दुभंगलेलं चित्र जुळवून, करायची सवय आहे, तो असला तर उत्तम. खर्च वीस हजाराच्या आत, दुरुस्ती धरून.

26 जानेवारी

महालातल्या एका जुन्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडे एफ-3 पाहिला. काय वस्तू आहे! वाइंडिंग लीव्हर एका बोटाने लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो, व्ह्यूफाइंडरमध्ये शंभर टक्के चित्र दिसतं. 1980 सालचं मॉडेल, 2001 पर्यंत बनत होतं, आणि आकार जुजारो या इटालियन डिझायनरचा. हातात घेतल्यावर ठेववत नाही.

पण सिंक 1/80. फ्लॅशचा शू (फ्लॅश बसवायची जागा) रिवाइंड नॉबच्या भोवती आणि तोही निराळ्या बनावटीचा, म्हणजे साधा फ्लॅश लावायला वेगळा अडॉप्टर हवा. ज्या कामासाठी मी बॉडी शोधतोय, नेमक्या त्याच कामात हा माझ्या एफएम-10 च्याही मागे. चहा घेतला, आभार मानले, निघालो. नाव मोठं म्हणून बॉडी घेणाऱ्याने आधी स्वतःला काय अडतंय ते कागदावर लिहावं, एवढं या भेटीतून पक्कं झालं.

उरलेले उमेदवार:

एफएम आणि एफई (1977 आणि 1978): दोन्ही सुरेख, पण सिंक 1/125. बाद.

एफएम-2: पहिल्या, 1982 च्या आवृत्तीत सिंक 1/200, नंतरच्या एफएम-2एन मध्ये 1/250. घेताना मागचा सीरियल नंबर पाहा. एन ने सुरू झाला तर नवी आवृत्ती. सेल नसला तरी सगळे स्पीड चालतात, सेल फक्त मीटरला.

एफई-2 (1983): 1/250, ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचं, स्पीड कॅमेरा ठरवतो), वर फ्लॅशचं टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप थांबतो). पण शटर इलेक्ट्रॉनिक. सेल गेला तर फक्त एम250 (यांत्रिक 1/250) आणि बी (बटण दाबून ठेवू तेवढा वेळ उघडं).

एफ-80: स्वस्त आणि हलका, पण जुन्या लेन्सवर मीटर चालत नाही. बाद.

एफ-100: 1/250, जुन्या लेन्सवर मीटर चालतो, साधे चार पेन्सिल सेल लागतात. ऑटोफोकसही आहे, पण माझ्या लेन्सना त्याचा उपयोग शून्य.

15 फेब्रुवारी

एफएम-2एन मागवला होता, बाहेरगावच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, 19,500 ला. बाकी सगळे अठ्ठावीस-तीस हजार मागत असताना हा इतक्यात का देतो, हे पार्सल उघडल्यावर कळलं.

बॅक (मागचं झाकण) उघडून खिडकीकडे तोंड करून पाहिलं. शटरच्या मधल्या दोन पात्यांवर अंगठ्याचा दाब पडल्यासारखा खळगा, आणि एका पात्याची कड लहरी झालेली. ही जुनी, मधमाशीच्या पोळ्यासारख्या नक्षीची टायटॅनियमची पाती. 1989 पासून निकॉनने गुळगुळीत ॲल्युमिनियमची पाती लावायला सुरुवात केली. दोन्ही चालतात, पण जुनी पाती बदलायची वेळ आली तर मिळणार कुठे? 1/1000 च्या वर शटर कधी पूर्ण उघडायचं, कधी नाही. प्रिझमच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी ती वेगळीच.

विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोंमध्ये बॉडी सहा बाजूंनी दिसत होती. बॅक उघडलेला फोटो एकही नव्हता. आता कुणाकडूनही घेताना तीन व्हिडिओ मागतो: बॅक उघडून शटर जवळून, लेन्स काढून आरसा आणि त्याच्या वरचा स्पंज, आणि व्ह्यूफाइंडरमधून उजेडाकडे. जो टाळाटाळ करेल त्याचा नाद सोडायचा.

परत पाठवला. पैसे मिळाले, पण तीन आठवड्यांनी आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर, 640 रुपये, माझ्या अंगावर.

8 मार्च

ओळखीतल्या एकाचा एफ-100 चार दिवस वापरायला मिळाला. 14,000 मागतोय. खरं सांगायचं तर हिशेबाने हाच घ्यायला हवा. मीटर अचूक, फ्लॅश बिनचूक, किंमत एफएम-2एनच्या निम्मी.

अडलं ते दोन ठिकाणी. स्प्लिट प्रिझम नाही. फोकस जमल्यावर खाली एक हिरवा ठिपका लागतो. चालत्या मिरवणुकीत मी ठिपक्याकडे पाहू की माणसाकडे? दुसरं म्हणजे मागचं रबर चिकट झालेलं. या मॉडेलचा तो जुनाच रोग आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हाताला डांबर लागल्यागत होतं. स्पिरिटने पुसून निघतं, पण खालचं प्लास्टिक चकचकीत उघडं पडतं. ज्यांच्याकडे ऑटोफोकसच्या लेन्स आहेत त्यांनी डोळे झाकून घ्यावा. मी परत केला.

22 मार्च

धरमपेठेत एक स्टुडिओ बंद होतोय. मालकाच्या कपाटात एफई-2 निघाला, बाहेरून स्वच्छ, आतून पाती कोरी. 9,000 म्हणाले. स्वस्त का, तर "स्लो स्पीड गेलेत, सगळं एकाच स्पीडला उडतं." बॅक उघडून दाखवलं: डायल एक सेकंदावर, तरी खट्. अर्ध्या सेकंदावर, खट्. 1/30 वर तोच खट्.

दोन हजार बयाणा ठेवून कॅमेरा सीताबर्डीवर नेला. तिथे एका जिन्याखाली बसणारे काका आहेत, पूर्वी दिवसभर कॅमेरे उघडायचे, आता मुख्यतः घड्याळं. सोबत नवे एसआर-44 सेल नेले होते. जुना एफई-2 पाहायला जाताना सेल खिशात असू द्या. सेल मेलेला असताना शटर दाबलं की आरसा वरच अडकतो आणि माणूस उगाच घाबरतो. डायल एम250 वर नेला की खाली येतो.

काकांनी मी बॅक उघडताना पाहिलं आणि हातातून कॅमेरा काढून घेतला.

"बॅक उघडूनच पाहून राहिला तू तर. बंद कर आधी. आकडा एकवर येऊ दे."

बॅक बंद. फ्रेमची मोजणी एस (सुरुवात) वरून 1 वर येईपर्यंत वाइंड, खट्, वाइंड, खट्. मग लेन्स काढून समोरून पाहिलं आणि एक सेकंदावर दाबलं. आरसा वर गेला, पडदा उघडला, उघडाच राहिला, आणि मग बंद झाला. अर्धा सेकंद, बरोबर. 1/8, बरोबर.

या मॉडेलमध्ये रोल भरताना सुरुवातीच्या वाया जाणाऱ्या फ्रेम पुढे सारण्यात वेळ जाऊ नये म्हणून मोजणी 1 वर येईपर्यंत शटर 1/250 लाच चालतं, डायलवर काहीही असो. (एम250 आणि बी तेवढे अपवाद.) आणि बॅक उघडली की मोजणी परत एस वर. म्हणजे बॅक उघडून तपासणाऱ्याला हा कॅमेरा कायमच बिघडलेला दिसणार. असे किती एफई-2 'खराब' म्हणून कपाटात पडले असतील, देव जाणे.

काकांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. "साफसफाई करून देतो, स्पंज-बिंज पाहून देतो. आतलं सर्किट गेलं तर मी हात लावत नाही. कोणीच नाही लावत आता." हा धोका पत्करून घेतोय. सर्किट गेलं तरी एम250 यांत्रिक आहे, आणि माझं काम नेमकं 1/250 चं. टीटीएल मात्र तेव्हा विसरायचं.

संध्याकाळी स्टुडिओत जाऊन मालकांना खरं ते सांगितलं. ते दोन मिनिटं कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, अकरा द्या. अकरा दिले. काकांना हे कळल्यावर: "सांगाले कोणी सांगितलं होतं बे तुले?"

30 मार्च

स्पीड तपासले. मोबाइलचं स्लो मोशन सेकंदाला 240 फ्रेमचं. लेन्स काढली, कॅमेरा समोरून टेकवला, मागून ट्यूबलाइट येऊ शकत नाही कारण बॅक बंदच ठेवायची. त्यामुळे टेबललॅम्पचा उजेड समोरून पात्यांवर पाडला. पडदा उघडा असलेल्या फ्रेम मोजायच्या. एक सेकंदाला 240 यायला हव्यात, आल्या 243. अर्ध्याला 121. 1/15 ला 16. इलेक्ट्रॉनिक शटर असल्याने इतकं नेमकं. याच पद्धतीने माझा एफएम-10 पाहिला तर एक सेकंदाला 271 आल्या.

1/60 च्या पुढे ही युक्ती निरुपयोगी, फ्रेमच मोजण्याइतक्या उरत नाहीत. वरच्या स्पीडसाठी रोल टाकणं हाच उपाय.

आयएसओची रिंग फिरवली की मीटरची सुई उड्या मारत होती. आत घासणारा संपर्क वर्षानुवर्षं एकाच जागी बसून मळतो. टीव्ही बघत पंधरा मिनिटं रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसलो. उड्या थांबल्या. खर्च शून्य.

13 एप्रिल

पहिला रोल, केंटमिअर 400, घरीच डेव्हलप केला. नळाचं पाणी या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतून उकळून आल्यासारखं येतं. माठातलं घेतलं, त्यात पिशवीत बांधून बर्फ सोडला, 20 अंशावर आणलं. (बर्फ थेट पाण्यात टाकला तर केमिकलचं प्रमाण बिघडतं.)

एक्स्पोजर सगळीकडे नीट, 1/2000 आणि 1/4000 लाही. पण निम्म्या फ्रेमवर पट्टा. निगेटिव्हवर काळा, म्हणून फोटोत पांढरा, आणि फिल्मच्या भोकांवरूनही पसरलेला. भोकांपर्यंत गेला म्हणजे लेन्सचा दोष नाही, बॅकमधून उजेड शिरतोय. फोटोत पट्टा डावीकडे. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणजे मागून पाहिल्यावर गळती उजवीकडे, बिजागरीपाशी. तिथला स्पंज बोटाने दाबला तर काळ्या गुळासारखा चिकटला.

20 एप्रिल

सील, म्हणजे बॅकमधून उजेड येऊ न देणारे स्पंज, बदलले. पूर्ण दुपार गेली.

जुना स्पंज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आइसक्रीमच्या लाकडी काडीने खरवडला. काडीचं टोक ब्लेडने तिरपं कापलं की खाचेत बरोबर बसतं. ॲसिटोन अजिबात नको, रंग आणि प्लास्टिक दोन्ही जातं. स्पंजचा चुरा शटरमध्ये पडू नये म्हणून पात्यांवर पुठ्ठा झाकला. पुठ्ठा पात्यांना टेकू द्यायचा नाही, फिल्मच्या रुळांवर टेकवून कडेला कागदी टेप. कॅमेरा उलटा धरून काम केलं, चुरा खाली पडतो.

वरच्या-खालच्या लांब खाचांत काळी लोकर. इतवारीत विणकामाच्या दुकानातून एक गुंडी घेतली, चार कॅमेऱ्यांना पुरेल. चिकटवायला काही लागत नाही, खाचेत काडीने दाबली की बसते. बिजागरीला चिकटपट्टीवाला काळा फोम. बाजारात 3 एमएमचा मिळाला, तो लावला तर बॅक लागेचना. जोर केला असता तर कडी गेली असती. काढून 1.5 एमएमचा शोधला, तो नीट बसला.

आरशाच्या वरचा स्पंज काकांकडून बदलून घेतला. तिथे फोकसिंग स्क्रीन अगदी लागून असते, तिच्यावर चिकटा पडला तर पुसताना ओरखडे हमखास. साफसफाईसकट 800 घेतले.

18 मे

कूलर सुरू झाल्यापासून खोलीत ओल आहे. बाहेर ऊन कोरडं ठणठणीत, त्यामुळे नागपुरात बुरशी लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. पण कूलरची ताटी दिवसरात्र भिजलेली, खिडक्या अर्ध्या बंद, आणि कॅमेरा त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये. याहून बुरशीला काय हवं? मग लगेच पावसाळा.

चामड्याचं कव्हर वेगळं काढलं. बॉडी आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत निळी सिलिका जेल. गुलाबी पडली की जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करायची, पुन्हा निळी होते. हा तवा स्वयंपाकाला परत वापरायचा नाही, हे घरातून बजावून सांगण्यात आलं आहे.

6 जुलै

फ्लॅश. मामांकडचा जुना फ्लॅश फुकट मिळत होता. शूच्या मधल्या टोकावर मल्टिमीटर लावला तर पावणेदोनशे व्होल्टच्या पुढे. जुन्या यांत्रिक बॉडीवर चाललं असतं, सर्किटवाल्या बॉडीवर कोण लावणार. नमस्कार करून परत दिला.

निकॉनचा एसबी-15 घेतला, 3,200 ला. गाईड नंबर 25, एफई-2 शी टीटीएल चालतो. पहिल्या दिवशी टीटीएल लागेना. शूवरचे छोटे संपर्क काळवंडले होते. पेन्सिलच्या खोडरबराने घासले, लागलं. मग परत नाही. कारण डायल एम250 वर होता. तिथे टीटीएल नाही, लाल अक्षरांतल्या साध्या 250 वर हवा. डायलवर दोन वेगळ्या 250 आहेत हे अंधारात हमखास विसरायला होतं.

उन्हातला उपाय असा जमला: डायल 250, एफ/11, म्हणजे मागचं आभाळ आणि रस्ता मॅन्युअलवर ठरले. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर. स्पीड आणि ॲपर्चर आपण बांधून ठेवल्यामुळे उन्हाच्या भागात फरक पडत नाही, फ्लॅश मात्र एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, मवाळ होतो. पूर्ण फ्लॅशमध्ये शेजारच्या काकू पुठ्ठ्याच्या कटआउटसारख्या दिसत होत्या, उणे एकला माणसासारख्या आल्या. उणे दोनला सावलीच उरली.

फ्लॅश पूर्ण ताकदीने उडाला तर व्ह्यूफाइंडरमधला लाल दिवा लुकलुकतो. त्याचा अर्थ माणूस लांब आहे, पुढे सरका.

10 ऑगस्ट

आजवरचा खर्च, रोल आणि डेव्हलपिंग सोडून: बॉडी 11,000. फ्लॅश 3,200. काका 800. एफएम-2एनच्या कुरिअरचे बुडाले ते 640. लोकर, फोम, अल्कोहोल 410. सेल 300. एकूण 16,350. एफएम-10 झूमसकट 8,500 ला एका कॉलेजच्या मुलीने नेला. निव्वळ 7,850.

मुलीला एक सेकंदाचा 271 चा आकडा सांगितला. तिला चालत होतं.

23 ऑगस्ट

मारबत. जागनाथ बुधवारीपासून पिवळ्या मारबतीच्या मागे, मग ती आणि काळी मारबत भेटतात तिथे गर्दीत. ऊन येत-जात होतं. ढग आले की फ्लॅश बंद, डायल ए वर. ऊन आलं की परत 250 आणि एफ/11. एफएम-10 वर हे एवढ्या चटकन झालंच नसतं, ॲपर्चर प्रायॉरिटीचा हा फायदा घेताना डोक्यात नव्हता.

एक त्रास आधी कुणी सांगितला नव्हता. मीटर चालू ठेवायला वाइंडिंग लीव्हर थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो. मी डाव्या डोळ्याने पाहतो, लीव्हरचं टोक कपाळाला टोचतं. 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात कुणीतरी मागून ढकललं आणि भुवईच्या वर खोक पडली. डाव्या डोळ्यावाल्यांनी दुकानात लीव्हर ओढून, डोळा लावून पाहावं.

14 सप्टेंबर

प्रोइमेज 100 चे दोन रोल मुंबईच्या लॅबमधून आले. गळती नाही. दोन-सव्वादोन मीटरवरचे चेहरे मिळाले, घामासकट. तीन मीटरच्या पलीकडचे काळेच आहेत, तिथे हा फ्लॅश पोचत नाही आणि बॉडी त्यात काही करू शकत नाही. काही फ्रेममध्ये बडग्याचा वरचा भाग कापला गेलाय: एफई-2 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमचा साधारण 93 टक्केच भाग दिसतो, म्हणजे फिल्मवर दिसतं त्याहून थोडं जास्तच येतं, तरी कापला गेला, कारण तिथे मागे सरकायला जागाच नव्हती आणि कॅमेरा वर धरायला धीर नव्हता.

दुसऱ्या रोलच्या शेवटच्या तीन फ्रेमवर उजव्या कडेला पुसट रेष आहे. पट्टा नाही, रेष. उजवीकडे म्हणजे कडीच्या बाजूला. तिथली लोकर थोडी वर आली होती. काढून नवी भरली. पुढचा रोल टाकण्याआधी अंधाऱ्या खोलीत बॅक बंद करून कडीवर टॉर्च मारून पाहणार आहे.